बारा मिनिटं न हलता

८ डिसेंबर

ताई,

चार स्टॉपवर राहणाऱ्या सख्ख्या बहिणीला पत्र टाकणारा माणूस कसा दिसतो, हे पोस्टातल्या बाईंनी आज नीट बघून घेतलं. मी पाकीट विकत घेऊन तिथेच पत्ता लिहिला. त्यांनी आधी पत्ता वाचला, मग मला. "हे तर इथलंच आहे," म्हणाल्या. मी म्हटलं, चालत गेलं तर दार उघडत नाही आणि फोन केला तर कुणी उचलत नाही, पोस्टमनचं मात्र आत घेतात असं ऐकून आहे. यावर त्यांनी तिकीट असं पुढे सरकवलं की त्या तुझ्याच बाजूच्या आहेत हे मला कळलं.

सात महिने झाले. तू माझ्यावर चिडली आहेस आणि कशावरून ते मला कळतं. तो लेख. घरातल्या माणसाच्या छंदावर पेपरच्या शेवटच्या पानावर साडेसातशे शब्द लिहू नयेत, हे मला मान्य आहे. तसं बघितलं तर बायकोच्या भिशीवर लिहू नये, हेही मला तिनं घर सोडल्यावर मान्य झालं होतं. पण भाऊजींना लेख आवडला होता, हे तुलाही माहीत आहे. तरीही तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर. 'वाटलं असेल तर' या जातीच्या माफीची मी वीस वर्षं पुढाऱ्यांवरून टिंगल केली. स्वतः मागायची वेळ आली तेव्हा कळलं, किती सोयीची वस्तू आहे.

पण पत्राचं कारण वेगळं आहे. मी डबा बनवतोय.

हसू नकोस. भाऊजींच्या डब्यासारखाच. बिस्किटांचा गोल डबा, आतून काळा रंगवलेला, कडेला सारख्या अंतरावर सुईची तीन भोकं, आणि आत भिंतीला लगटून फोटोच्या कागदाची लांब पट्टी. भिंग नाही, बटण नाही. भोकांवरच्या चिकटपट्ट्या काढायच्या, घड्याळ लावून थांबायचं, पुन्हा लावायच्या. चहूबाजूंचं जग एका पट्टीवर. त्यांनी मला हे चौदा वर्षं समजावलं आणि मी चौदा वर्षं मान डोलावत मनातल्या मनात शेरे जुळवत होतो. आता विचारायला माणूस नाही, तर रोज एक प्रश्न पडतो.

आजचा प्रश्न: ते सुई किती नंबरची वापरायचे?

ते फोटो धुवायचे ती माझी बिनखिडकीची न्हाणी त्यांनी सोडली तशीच आहे. तीन ट्रे, दोन चिमटे, दोरीवर कपड्यांचे चाप. लाल दिवाही मी काढलेला नाही. त्याच उजेडात दाढी करतो. कापलं तरी रक्त दिसत नाही, एवढी एक सोय.

तुझा भाऊ

२१ डिसेंबर

ताई,

उत्तर आलं नाही. पाकीट परतही आलं नाही, म्हणजे निदान तुझ्या घरात शिरलं. माझ्यापेक्षा त्याचं बरं चाललंय.

सुईचा नंबर बारकीनं सांगितला. तिच्याकडे पहाट होती. लेक परदेशी गेली की तिला मामाचे फोन पहाटेच येतात. दहा नंबर, म्हणाली, आणि पूर्ण टोचायची नाही. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापायचा, सुईचं नुसतं टोक दाबायचं, मागून आलेला फुगवटा बारीक पॉलिश कागदानं घासायचा, पुन्हा दाबायचं. तिला हे बोटांतून पाठ आहे. मी विचारलं, आई कशी आहे? ती म्हणाली, "मामा, ते तू आईलाच विचार." तुझीच मुलगी आहे.

पहिली पट्टी अख्खी काळी आली. झाकणाच्या फटीतून उजेड शिरला होता. दुसरी अख्खी पांढरी आली, कारण मी गच्चीवर डबा ठेवला, दहा मिनिटं घड्याळ बघत शेजारी उभा राहिलो, आणि भोकांवरच्या चिकटपट्ट्या काढायलाच विसरलो. म्हणजे माणूस विसरू शकतो. मी विसरलो. भाऊजी विसरले असते का, हा वेगळा प्रश्न आहे आणि आज तो नको.

तिसऱ्या पट्टीवर फक्त माझा अंगठा.

ज्या माणसानं आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासले, त्याची आठवण मला दर चुकीला येते. पाच ग्रॅमचा फरक त्यांना नुसत्या हातात कळायचा. आपल्या आईनं तुझं लग्न ठरवताना सगळ्यांना काय सांगितलं होतं, आठवतंय? माणूस बोलत नाही फार, पण मापात आहे. मी त्यावरही एकदा लिहिलं होतं. ज्यावर मी लिहिलेलं नाही असं आपल्या घरात काय उरलंय, ते शोधायला हवं.

तुझ्या बाहेरच्या खोलीतल्या त्या अकरा पट्ट्या डोळ्यांसमोर येतात. प्रत्येकीत तू स्वच्छ, बारकी स्वच्छ, आई होती तोवर आईसुद्धा, डोळे मिटलेली पण स्वच्छ. आणि माझ्या जागी सदरा, सदऱ्यावर कॉलर, कॉलरच्या वर धूर. अकराही ठिकाणी. दहा-बारा मिनिटं डोकं एका जागी ठेवणं मला कधी जमलंच नाही. काहीतरी सुचायचं, मी बोलायचो, तुम्ही हसू दाबायचात. भाऊजी घड्याळावरून नजर न काढता म्हणायचे, "साहेब, तुमचं डोकं परत उडालं."

घरात हल्ली बोलायला कुणी नसतं, त्यामुळे डोकं बऱ्यापैकी जागेवर असतं. पण ते टिपायलाही कुणी नसतं.

तुझा भाऊ

११ जानेवारी

ताई,

जमलं. आठवी पट्टी. सोबत प्रत पाठवतोय. पाण्याची टाकी केळ्यासारखी वाकलीय आणि गच्चीचा सरळ कठडा पोटात दुखत असल्यासारखा वळलाय, पण ते डब्याच्या गोलाईमुळे, माझ्यामुळे नाही. भाऊजींच्यातही वाकायचा.

नीट बघ, दोरीवर कपडे आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू फोटो चालू असताना वर आल्या, बादलीभर कपडे एकेक झटकून वाळत घातले, मला दोनदा विचारलं की हे काय नवीन, आणि गेल्या. पट्टीवर काकू नाहीत. कपडे आपले आपण वाळत पडलेत. मीही त्यांच्या मागेपुढे येरझाऱ्या घालत होतो. मीही नाही. हा डबा हिंडत्या माणसाची दखल घेत नाही. जो बसून राहील तो उमटतो.

म्हणजे चौदा वर्षांत भाऊजी एकाही फोटोत का नाहीत, ते मला आज कळलं. चिकटपट्ट्या काढ, घड्याळ बघ, वारा आला की डब्यावर हात धर, ढग आला की दोन मिनिटं वाढव. सबंध वेळ ते आपल्यासमोरच होते, फक्त उभे नव्हते एका जागी.

म्हणून तो मार्चातला रविवार वेगळा होता. बारकी आठवड्यानं जाणार होती. या वेळी मी बसणार, असं त्यांनी चहा पिताना सांगितलं, जणू आवाज चढवला तर बेत फिसकटेल. डबा वाऱ्यानं हलू नये म्हणून झाकणावर पितळेचं एक किलोचं वजन ठेवलं. चार खुर्च्या डब्याभोवती मांडून पायांपाशी पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या. त्या खुणा अजून आहेत. माझी खुर्ची गच्चीच्या दाराला पाठ करून, कारण दार दिसलं की मी पळायचं निमित्त शोधतो, असं त्यांचं निदान. मग तिन्ही चिकटपट्ट्या काढल्या, येऊन तुझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "साहेब, एवढी बारा मिनिटं. माझ्यासाठी."

ताई, मी त्या दिवशी हललो नाही. तुला माहीत आहे, तू माझ्याकडेच बघत होतीस. समोर ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, तपासणीला आलेल्या वजनासारखे. सातव्या मिनिटाला मला एक फार चांगला विनोद सुचला होता आणि मी तो गिळला.

संपादक म्हणतात, डब्यावर परत लिहा, लोक अजून त्या लेखाची आठवण काढतात. विशेषतः त्या एका वाक्याची. कागद जांभळा पडतो ते.

इथेच थांबतो. हात दुखतोय.

तुझा भाऊ

१३ जानेवारी

ताई,

हात दुखत नव्हता.

लेखामुळे तू बोलत नाहीस, असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. आपल्या दोघांनाही माहीत आहे की तसं नाही. आता सरळ लिहितो. सरळ लिहायची सवय नाही, तेव्हा कुठे वाकडं गेलं तर डब्याच्या गोलाईत धर.

त्या रविवारी कागद धुवायला वेळ नव्हता. बारकीची बांधाबांध होती. भाऊजींनी डबा माझ्या न्हाणीतल्या फळीवर ठेवला. झाकणाभोवती दोन वेढे चिकटपट्टी, तिच्यावर त्यांच्या त्या शाळेतल्या फळ्यासारख्या अक्षरात: भरलेला आहे. उघडू नये. पुढच्या रविवारी बारकीला पोचवायला गेलात, त्याच्या पुढच्या रविवारी त्यांना ताप होता. डबा फळीवर.

माझा लेख गुरुवारी द्यायचा असतो. बुधवारी दुपारपर्यंत विषय नव्हता. मी डबा आणला आणि टेबलावर खिडकीच्या उजेडात ठेवला. 'उघडू नये' हे मी वाचलं. ते वाक्य मला लेखाच्या सुरुवातीसाठी आवडलं, म्हणून मी उघडला. मला वाटलं, आत बघितल्याशिवाय वर्णन कसं करणार. फोटो काढून झालाय म्हणजे तो आत निघालेलाच असणार, घरात बसलेल्या माणसासारखा, दार उघडलं तर फार तर आपल्याकडे बघेल. चौदा वर्षं मान डोलावल्याचं हे फळ.

आत पांढरी पट्टी होती. काहीही नाही तिच्यावर. मी बघत राहिलो आणि ती बघता बघता गुलाबी झाली, मग जांभळी. मी लिहिलं: 'चौदा वर्षांच्या संशोधनाचं फलित म्हणजे एक कोरा कागद, जो माझ्याकडे बघून हळूहळू जांभळा पडला, बहुधा लाजेनं.' लोकांना तेच वाक्य आवडलं. मलाही.

लेख आला त्या सकाळी भाऊजींचा फोन आला. छान जमलाय म्हणाले. मग म्हणाले, "फक्त एक. तो कागद जांभळा पडतो ना, तो लाजेनं नाही पडत, साहेब." आणि लगेच, बारकी सुट्टीला आली की परत बसू आपण, खुणा आहेतच. मला त्या क्षणी सगळं कळलं: न धुतलेल्या कागदाला उजेड लागला की त्यावरचा फोटो गेलाच. मी म्हटलं, हो हो, बसू. डबा बंद करून पुन्हा फळीवर ठेवला, चिकटपट्टीसुद्धा तशीच गुंडाळली.

सोळा दिवसांनी ते गेले. कचेरीत, खुर्चीवर, कुणालाही त्रास न देता. आणि तुला भिंतीवर लावायला त्यांचा एक फोटो मिळेना. जगाचे फोटो काढलेला माणूस, आणि मिळाला तो ओळखपत्रावरचा, अर्ध्या कानावर खात्याचा शिक्का असलेला. तू मला फोन केलास. "त्या पट्टीत हे बसलेत रे. ती धुऊन दे मला."

मी दोन दिवसांनी सांगितलं, धुतली, पण कोरी आली. इथवर एक वेळ चाललं असतं. मी पुढे म्हटलं, भाऊजी बहुतेक भोकांवरच्या चिकटपट्ट्या काढायला विसरले.

त्यांनी त्या माझ्यासमोर काढल्या होत्या. तुझ्यासमोर काढल्या होत्या.

तू जे बोललीस ते मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि मी सगळ्यांचं सगळं सांगत फिरणारा माणूस. तू म्हणालीस, "हे मला लेख आला त्याच दिवशी बोलले होते. 'त्याला काही विचारू नकोस, तो स्वतः सांगेल.' मी तेवढीच वाट बघत होते." आणि फोन ठेवलास. हळू ठेवलास. आपटला असतास तर मी त्यावर काहीतरी बोललो असतो.

तर आता सांगतो. तो फोटो मी घालवला. त्यांच्या हातून कधी काही चुकलं नाही.

तुझा भाऊ

२५ जानेवारी

ताई,

मागच्या पत्राला उत्तर मागत नाही. एक विनंती आहे फक्त.

पुढच्या रविवारी, एक तारखेला, सकाळी नऊ वाजता, डबा गच्चीवर ठेवतोय. तोच त्यांचा डबा. आतला रंग दोन ठिकाणी उडाला होता, तो भरलाय. झाकणावर त्यांचंच पितळी वजन. चार खुर्च्या, चार खुणांवर. बारकीला सांगितलंय. ती म्हणाली, मी इथे बसते त्याच वेळी, बारा मिनिटं. मी म्हटलं, तुझी पट्टीवर येण्याची शक्यता कमी आहे. ती म्हणाली, "मामा, तुझी कुठे जास्त होती?"

यानं तो फोटो परत येत नाही, एवढं मला कळतं. पण 'परत बसू' असं त्यांना मी म्हटलं होतं, आणि ते शब्द निदान अर्धे तरी पाळता येतील.

आलीस तर बोलायचं नाही, काही विचारायचं नाही. बोललं तर तसंही डोकं उडतं. बारा मिनिटं झाली की तू जा, मी थांबवणार नाही. काकूंना पाव तास कपडे घेऊन वर येऊ नका म्हणून हात जोडून सांगितलंय. त्या म्हणाल्या, तुमच्या घरात सगळे असेच आहेत का? मी म्हटलं, आता मी एकटाच आहे.

आणखी एक. यावर मी लेख लिहिणार नाही. संपादकांना कळवून टाकलंय की डबा हा विषय संपला.

तुझा भाऊ

४ फेब्रुवारी

ताई,

नऊला पाच कमी असताना मी जिन्याकडे तीनदा बघून आलो. नऊ वाजता चिकटपट्ट्या काढल्या आणि माझ्या खुणेवर जाऊन बसलो. दाराला पाठ. समोर त्यांची आणि तुझी खुर्ची, बाजूला बारकीची. हात गुडघ्यांवर ठेवले, त्यांनी ठेवले होते तसे.

तीन रिकाम्या खुर्च्यांसमोर एकट्यानं गप्प बसणं फार लांब असतं. विनोदही सुचेना. विनोदाला समोर कुणीतरी हसू दाबणारं लागतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर समजतंय.

सहाव्या मिनिटाला पाठीमागे दार करकरलं. मला वाटलं काकू, राहवलं नसेल. एरवी मी मान वळवली असती, एखादा टोला मारला असता. पण अर्धा फोटो झाला होता आणि मी ठरवून बसलो होतो, या वेळी नाही. कठड्याच्या एका डागावर नजर ठेवली आणि दगडासारखा बसलो. थोड्या वेळानं दार पुन्हा करकरलं. बारा मिनिटं झाली, चिकटपट्ट्या लावल्या, मागे वळलो. कुणी नव्हतं.

खाली जाऊन काकूंना म्हटलं, हात जोडले होते ना. त्या म्हणाल्या, "मी कुठे आले? तुम्हीच नको म्हणालात."

पट्टी लगेच धुतली. मग दुसऱ्या कागदावर ठेवून, वर काच दाबून, सुलटी प्रत काढली. लाल उजेडात ट्रेमध्ये आधी खुर्च्या आल्या, तिन्ही, काठांसकट. मग कठडा, टाकी. मग मी. ताई, माझं डोकं आलंय. डोळे, नाक, टकलाची हद्द, सगळं. चौदा वर्षांत पहिल्यांदा. बराचसा आईसारखा दिसतो मी. कुणी सांगितलं कसं नाही?

आणि माझ्या उजव्या खांद्यामागे, गच्चीच्या दारात, कुणीतरी उभं आहे. पातळ, आरपार दिसणारं, अंगातून जिन्याची भिंत दिसते. पण पावलं पक्की आहेत, चपलेचा पट्टासुद्धा मोजता येतो. डाव्या खांद्याला पिशवी. एक हात चौकटीला, तू शाळेच्या वर्गाच्या दारात धरायचीस तसा. आणि मानेच्या वर धूर.

मी भिंग घेऊन पाहिलं. डोकं हललंय. हसताना हलतं तसं, की रडताना हलतं तसं, हे पट्टीवरून सांगता येत नाही. आपल्या घराण्यात दोन्हीला खांदे सारखेच हलतात.

जन्मभर एक क्षण गप्प बसलो नाही, दर दहा सेकंदांनी मान वळवली. आणि ज्या एका वेळी वळवायला हवी होती, तेव्हा मी शहाण्यासारखा बसून राहिलो. भाऊजी असते तर घड्याळावरून नजर न काढता काहीतरी बोलले असते. काय बोलले असते ते मी दोन दिवस जुळवून बघतोय, जमत नाही.

प्रत पाठवतोय. मधे पुठ्ठा घातलाय, दुमडू नये म्हणून. उजेडात उघडलीस तरी चालेल. ही पक्की आहे.

रंग किती गडद उतरलाय त्यावरून मी हिशेब केला. तू साधारण साडेचार मिनिटं उभी होतीस. चुकत असेन तर कळव, माझं माप त्यांच्याइतकं नेमकं नाही.

येत्या रविवारी नऊ वाजता डबा पुन्हा ठेवतोय. खुणा त्याच. फक्त मी त्यांच्या खुर्चीवर बसेन, तुला चालणार असेल तर. तिथून दार समोर दिसतं.

तुझा भाऊ